सौताड्याचा धबधबा आणि दुर्मिळ वनस्पतींचा पत्ता

बीड जिल्हा म्हटला की डोळ्यांसमोर येतात ते उन्हाने तापलेले माळ, कोरड्या पडलेल्या विहिरी आणि दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी परगावी निघालेली कुटुंबे. हे चित्र खोटे नाही. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. महाबळेश्वरला एकट्या जुलै महिन्यात याच्या दुपटीहून अधिक पडतो. जिल्ह्याच्या एकूण क्षेत्रात वनाचा वाटा तीन टक्क्यांहूनही कमी आहे. अशा जिल्ह्यात कोणी धबधबा, दाट सावली आणि दुर्मिळ वनस्पती पाहायला जाऊ म्हणाला, तर ऐकणाऱ्याला हसू येणे साहजिक आहे.

पण या जिल्ह्यातून बालाघाटची डोंगररांग जाते आणि पावसाळ्यात तिच्या कड्यांवरून पाणी खाली झेप घेते. मांजरसुंब्याजवळचे कपिलधार मन्मथस्वामींच्या समाधीमुळे सर्वांना ठाऊक आहे. पाटोदा तालुक्यातील सौताडा येथे विंचरणा नदी खोल दरीत कोसळते. दरीच्या तळाशी रामेश्वराचे मंदिर आहे आणि श्रावणात तेथे भाविकांची मोठी गर्दी असते. बीड आणि शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील कितीतरी शाळांच्या सहली येथे येतात. मुले धबधबा पाहतात, डबे खातात, परत जातात.

या सहलीत एक फार चांगला विज्ञानाचा पाठ दडलेला आहे. तो पाठ असा : दुर्मिळ वनस्पती कोठेही योगायोगाने उगवलेली नसते. तिला एक नेमका पत्ता असतो. तो पत्ता खडक, पाणी, ऊन आणि ऋतू यांनी मिळून लिहिलेला असतो. पत्ता पुसला की वनस्पती जाते, मग तिचे एकही रोप कोणी उपटलेले नसले तरी. हा पत्ता कसा वाचायचा ते आपण सौताड्याच्या निमित्ताने पाहू.

धबधबा कोठे आणि का?

महाराष्ट्राचा बराचसा भाग लाव्हारसाच्या थरांचा बनलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर रचले गेले. बालाघाटच्या कड्याकडे जरा लांबून पाहिले, तर भिंतीत विटांचे थर दिसावेत तसे हे थर दिसतात.

सगळे थर सारखे नाहीत. काहींचा खडक घट्ट, काळा आणि कठीण असतो. काही थरांत लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकून राहिले. त्या पोकळ्यांत पुढे पांढरी खनिजे साठली. विहिरी खणणारी माणसे या खडकाला मांजऱ्या म्हणतात. तो काळ्या पाषाणापेक्षा लवकर झिजतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात वरचा खडक कुजून तयार झालेला तांबडा, मातीसारखा पट्टाही काही ठिकाणी आढळतो. पुढच्या लाव्हाने तो भाजून निघालेला असतो. हा पट्टा मऊ तर असतोच, शिवाय त्यातून पाणी सहसा झिरपत नाही.

आता नदी अशा थरांवरून वाहू लागली की काय होईल? वरचा कठीण थर टिकतो, खालचा मऊ थर पाण्याच्या माऱ्याने आणि सततच्या ओलीने आतून पोखरला जातो. कठीण थर छज्जासारखा पुढे येतो. आधार सुटला की एखाद्या दिवशी त्याचा मोठा तुकडा खाली पडतो आणि धबधबा थोडा मागे सरकतो. हे पुन्हा पुन्हा घडत राहते. म्हणून धबधब्यापुढे दिसणारी दरी ही धबधब्याने मागे सरकताना कोरलेली वाट असते. दरीत पडलेले मोठमोठे धोंडे हे त्या जुन्या छज्जांचे अवशेष होत. मुलांना हे धोंडे दाखवून विचारावे, "हा धोंडा येथे आला कोठून?" वर पाहिले की उत्तर सापडते. कड्याखाली अगदी चिकटून का उभे राहू नये, याचेही उत्तर त्यातच आहे.

येथे भूगोलाची आणखी एक गंमत सांगण्याजोगी आहे. याच पाटोदा तालुक्यातील डोंगरात मांजरा नदी उगम पावते. ती पूर्वेकडे लांबचा प्रवास करून तेलंगणात कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. सौताड्याची विंचरणा मात्र सीनेला, सीना भीमेला आणि भीमा कृष्णेला मिळते. म्हणजे बालाघाटचा माथा हा गोदावरी आणि कृष्णा यांच्या खोऱ्यांमधला बांध आहे. एकाच ढगातून शेजारी शेजारी पडलेल्या दोन थेंबांपैकी एक गोदावरीचा होतो, दुसरा कृष्णेचा.

उतरताना बदलणारे हवामान

सौताड्याला गाव आणि रस्ता पठारावर आहेत. पायऱ्यांनी दरीत उतरावे लागते. हा उतार चढण्या-उतरण्याच्या श्रमामुळेच लोकांच्या लक्षात राहतो. वनस्पतींच्या दृष्टीने मात्र तो एका हवामानातून दुसऱ्या हवामानात जाण्याचा रस्ता आहे.

पठारावर मातीचा थर पातळ असतो. पाऊस थांबला की काही तासांतच वरचा पृष्ठभाग कोरडा होतो. दिवसभर ऊन आणि वारा. दरीच्या तळाशी उलट परिस्थिती असते. उंच भिंतींमुळे ऊन थोडाच वेळ पोहोचते. वारा अडतो. धबधब्याचे तुषार हवेत मिसळतात आणि त्यांची वाफ होताना हवेतील उष्णता शोषली जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यासाठी साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. माठातले पाणी गार होते त्याच कारणाने ही दरी गार राहते.

हे मुलांना नुसते सांगण्यापेक्षा मोजून दाखवणे सोपे आहे. प्रयोगशाळेतील दोन साधे तापमापी घ्यावेत. एकाच्या फुग्याला ओले मलमलचे कापड गुंडाळावे. दोन्ही सावलीत धरून चांगला वारा घालावा आणि आकडा स्थिर झाला की नोंद घ्यावी. हवा कोरडी असेल, तर ओल्या कापडातील पाणी झपाट्याने उडून जाते आणि तो तापमापी बराच खाली उतरतो. हवा आधीच ओली असेल, तर दोघांत फारसा फरक पडत नाही. समजा, पठारावर कोरडा तापमापी ३० अंश सेल्सिअस आणि ओला २२ अंश दाखवीत आहे, तर सापेक्ष आर्द्रता सुमारे ५० टक्के आहे. दरीत हेच आकडे २६ आणि २५ आले, तर आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर आहे. पायऱ्यांच्या माथ्यावर, मध्यावर आणि तळाशी अशा तीन नोंदी घेतल्या की विद्यार्थी स्वतःच्या हाताने हवामानाचा उतार काढतात.

दोन नेचे, दोन पत्ते

आता हातात आर्द्रतेचे आकडे आहेत. मग कड्याच्या कपारी पाहाव्यात. या खडकांत राहणाऱ्या दोन नेच्यांची तुलना आम्हांला फार बोलकी वाटते.

पहिला हंसराज. काळा, चकचकीत, तारेसारखा बारीक देठ आणि त्यावर नाजूक पाने. सतत ओल असलेल्या, सावलीतल्या खडकाच्या फटींत तो वाढतो. त्याला फक्त पिण्यापुरते पाणी लागते असे नाही. नेच्यांना फूल नसते आणि बी नसते. पानांच्या मागच्या बाजूस बीजाणू तयार होतात. बीजाणू ओल्या जागी पडला की त्यापासून नखाहून लहान, बहुधा बदामाच्या आकाराचा एक हिरवा पापुद्रा तयार होतो. या पापुद्र्यावर नर आणि मादी पेशी तयार होतात. नर पेशीला मादी पेशीपर्यंत पोहत जावे लागते. त्यासाठी पाण्याची पातळ का होईना, पण अखंड पटली लागते. ही पटली नसेल त्या वर्षी नवा नेचा जन्माला येत नाही. कोरड्या जिल्ह्यात अशी अखंड ओल असलेल्या जागा बोटांवर मोजण्याइतक्याच. हंसराजाचा पत्ता त्यांतला एक.

दुसरा मयूरशिखा. ताडाच्या पानाची लहानशी प्रतिकृती वाटावी असा हा वीतभरही नसलेला नेचा उघड्या खडकांच्या चिरांत आणि जुन्या दगडी भिंतींत उगवतो. उन्हाळ्यात तो वाळून, मुडपून जातो. मेला असे वाटते. पाऊस पडला की तीच पाने पुन्हा पसरतात आणि हिरवी होतात. बहुतेक वनस्पतींच्या पेशी इतक्या वाळल्या की त्यांचे पातळ पडदे फाटतात आणि त्या मरतात. अशा काटक वनस्पतींच्या पेशींत वाळण्याच्या वेळी विशिष्ट शर्करा आणि प्रथिने साठतात. पाणी निघून गेले तरी ती पडद्यांना आणि इतर रचनांना आधार देतात. मयूरशिखेच्याही बीजाणूंना पाण्याची पटली लागतेच. पण तिचे काम पावसाळ्यातील थोड्या दिवसांत उरकते आणि उरलेले वर्ष ती झोपून काढते.

दोन्ही नेचे, दोघांचे घर काळा पाषाण, आणि दोघांत अंतर कदाचित शे-दोनशे पावलांचे. पण मयूरशिखेचा पत्ता जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी आहे, हंसराजाचा फार थोड्या ठिकाणी. शिवाय हंसराजाचा पत्ता दुसऱ्याच्या हातात आहे. कपारीतली ओल येते वरच्या पठारातून. पठारावर पडलेले पाणी मुरते, खडकांच्या सांध्यांतून खाली उतरते, तांबड्या पट्ट्याशी अडते आणि कड्याच्या तोंडाशी पाझरते. म्हणून पाऊस थांबल्यावरही काही झरे टिकून राहतात. पठारावरचे गवत गेले, माती धुपली, किंवा आसपास खोल कूपनलिका वाढल्या, तर पाऊस तेवढाच पडूनही झरा लवकर आटतो. धबधबा काही दिवस जोरात कोसळतो आणि मग गप्प होतो. हंसराज वाचवायचा तर दरीला कुंपण घालून भागत नाही. वरच्या माळाकडे पाहावे लागते.

माळावरचा कंदील

या माळाकडे आपण सहसा पाहत नाही. सहलीची गाडी माळ ओलांडून धबधब्यापाशी थांबते. पण भाद्रपदात उतारावरील गवत आणि लहान झुडपे न्याहाळली, तर तेथे कंदांपासून उगवणाऱ्या वनस्पतींचे एक वेगळेच जग दिसते. कळलावी पानांच्या टोकांना फुटलेल्या ताणांनी झुडपाला धरून वर चढते. तिच्या पाकळ्या आधी पिवळसर असतात आणि पुढे लालभडक होतात. तिचा कंद अत्यंत विषारी असतो, त्याला हात लावू देऊ नये. सफेद मुसळीच्या गटातील वनस्पती पांढऱ्या फुलांचे तुरे उभारतात.

यांत सर्वांत नवलाचे फूल कंदीलपुष्पाचे. या वनस्पतींचे शास्त्रीय कुलनाम सेरोपेजिया. खरपुडी या नावानेही तिच्या काही जाती खेड्यांत ओळखल्या जातात. भारतात पन्नासहून अधिक जाती आढळतात आणि त्यांतील बऱ्याच सह्याद्रीच्या परिसरातच मिळतात. बालाघाटची रांग जेथून फुटते त्या हरिश्चंद्रगडाच्या परिसरात सेरोपेजिया लॉई ही जाती आहे. ती महाराष्ट्राबाहेर मिळत नाही. मराठवाड्याच्या टेकड्यांवर आढळते ती सेरोपेजिया बल्बोसा. तिचा चपटा कंद जमिनीत असतो, पाने मांसल असतात आणि नाजूक वेल गवतात किंवा काटेरी झुडपात चढलेला असतो.

फुलाचा खालचा भाग फुगीर, मधली नळी अरुंद, आणि वर पाच पाकळ्यांची टोके एकमेकांना जुळून पिंजरा झालेला. एकूण आकार टांगलेल्या कंदिलासारखा. वासाने आकर्षित झालेल्या अगदी बारीक माश्या पाकळ्यांमधल्या फटींतून आत शिरतात आणि नळीतून खाली घसरतात. नळीच्या आतील केस खाली वळलेले असल्यामुळे त्यांना परत वर चढता येत नाही. तळाच्या फुगीर भागात हिंडताना परागांचे पुंजके माशीच्या मुखांगाला चिमट्यासारखे अडकतात. काही काळाने केस सुकतात, फूल वाकते आणि माशी सुटते. सुटलेली माशी दुसऱ्या कंदिलात शिरली तरच परागण होते. पुढे शिंगांसारख्या जोडशेंगा येतात आणि त्यांतून रुईच्या म्हातारीसारख्या केसाळ बिया उडतात. कंदीलपुष्प आणि रुई एकाच कुळातील असल्यामुळे हे साम्य आहे.

आता या वनस्पतीच्या पत्त्यात काय काय आले ते मोजू. कंद कुजणार नाही अशी निचऱ्याची उतारती जमीन. चढण्यासाठी झुडूप. उन्हाची तिरीप. ठरावीक जातीच्या बारीक माश्या. आणि जवळपास, माशी उडत जाईल इतक्या अंतरावर, आपल्याच जातीचा दुसरा वेल. यातले एक जरी नसले, तरी वेल कदाचित जगेल, पण बी धरणार नाही. त्यातच हे कंद खाण्याजोगे असतात. साळिंदर आणि रानडुक्कर ते उकरतात, माणसेही खात आली आहेत.

दुर्मिळ म्हणजे नेमके काय?

"सर, हे फूल दुर्मिळ आहे का?" असा प्रश्न मुले हमखास विचारतात. उत्तर देण्याआधी तीन उपप्रश्न विचारायला हवेत. अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञ डेबोरा रॅबिनोविट्झ यांनी १९८१ साली ते फार सुटसुटीतपणे मांडले. वनस्पती किती मोठ्या प्रदेशात पसरली आहे? ती अनेक प्रकारच्या जागी राहते की एकाच विशिष्ट जागी? आणि जेथे राहते तेथे तिची संख्या भरपूर आहे की तुरळक? प्रत्येक प्रश्नाची दोन उत्तरे धरली की आठ प्रकार होतात. मोठा प्रदेश, अनेक प्रकारच्या जागा आणि भरपूर संख्या हा एकच प्रकार सर्वसामान्य वनस्पतींचा. उरलेले सातही प्रकार कोणत्या ना कोणत्या अर्थाने दुर्मिळ.

फळ्यावर हा तक्ता काढून आपल्या ओळखीच्या वनस्पती त्यात बसवणे हा वर्गात घेण्याजोगा चांगला उपक्रम आहे. हंसराज पुष्कळ मोठ्या प्रदेशात आढळतो, पण त्याची जागा विशिष्ट. सेरोपेजिया बल्बोसा भारतात दूरवर पसरलेली आहे, पण जेथे असेल तेथे तुरळक. सेरोपेजिया लॉई हिचा प्रदेशही लहान आणि जागाही विशिष्ट. आणि सीताफळ? ते मूळचे अमेरिका खंडातील. पण बालाघाटच्या खडकाळ उतारांवर इतके रुजले की बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परका पाहुणा भरभराटीला आणि घरचा वेल दुर्मिळ, हे कसे, यावर वर्गात चांगली चर्चा होऊ शकते.

या तीन प्रश्नांच्या जोडीला मराठवाड्यासाठी आम्ही एक चौथा प्रश्न विचारू : येथे कोणी शोधले आहे का? थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. बीड तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, त्यामुळे ते त्या ग्रंथाच्या कक्षेबाहेर राहिले. संस्थान १९४८ साली भारतात विलीन झाले. औरंगाबादचे वनस्पतीशास्त्रज्ञ प्रा. व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९९८ साली आला. म्हणजे पुण्या-मुंबईच्या डोंगरांची तपशीलवार नोंद झाल्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षांनी. एखादी वनस्पती नकाशावर बीडमध्ये दिसत नाही याचा अर्थ ती तेथे नाही असा होतोच असे नाही. तेथपर्यंत पाहणारा डोळा पोहोचला नाही, असाही होतो. शाळेतील मुलांचे डोळे येथे खरोखर उपयोगी पडू शकतात.

वैशाखातला रिकामा माळ

आता या सगळ्यातील अवघड मुद्दा. भाद्रपदात फुललेला हा माळ वैशाखात पाहिला तर काय दिसते? सुकलेले गवत, दगड, चार काटेरी झुडपे. कंदीलपुष्प, कळलावी, मुसळी यांचा जमिनीवर मागमूस नसतो. त्या सर्व जमिनीखाली जिवंत असतात, पण कोणाला दिसत नाहीत. आणि नेमक्या याच दिवसांत माळावरची खोदकामे होतात. वृक्षारोपणाचे खड्डे उन्हाळ्यात घेतात. उतारावर पाणी अडवण्यासाठी सलग समतल चर उन्हाळ्यातच खणतात. खणणाऱ्याच्या दृष्टीने ती जागा पडीक असते. जेसीबीच्या एका फेऱ्यात वरची वीतभर माती उलटली की तीत दडलेले कंदही उलटतात आणि उन्हात वाळून जातात. काय गेले हे कोणालाच कळत नाही, कारण तेथे काही होते हेच कोणी पाहिलेले नसते.

आमचा चरांना किंवा वृक्षारोपणाला विरोध नाही. दुष्काळी गावात पाणी अडवणे ही चैन नव्हे, गरज आहे. पठारावर पाणी मुरले तर दरीतला झराही जास्त टिकेल, हे आपण वर पाहिलेच. प्रश्न जागेच्या निवडीचा आहे. ज्या जागी खड्डे घ्यायचे, ती जागा आधीच्या पावसाळ्यात कोणी एकदा पाहिली आहे का? पाहिली असेल आणि तेथे कंदांची वस्ती दिसली असेल, तर चर दहा पावले खाली किंवा वर घेता येतो. खर्च वाढत नाही. फक्त माहिती आधी असावी लागते.

उघडा माळ म्हणजे तोडलेले जंगल, असे आपण सहज धरून चालतो. ते नेहमी खरे नसते. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या मराठी वाङ्मयात तेराव्या शतकापासून येणारे वनस्पतींचे उल्लेख तपासले गेले. त्यांत गवताळ, विरळ झाडांच्या प्रदेशात राहणाऱ्या वनस्पतींचाच भरणा अधिक निघाला. म्हणजे पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यातील माळ निदान काही शतके तरी माळच आहेत. बालाघाटही अशाच कमी पावसाच्या प्रदेशात येतो. याच पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे १९९४ साली सुमारे ३० चौरस किलोमीटरचे मयूर अभयारण्य झाले. मोरालाही दाट अरण्यापेक्षा अशी झुडपी, मोकळी राने चांगली मानवतात. चरायला मोकळी जागा आणि रात्री बसायला उंच झाड एवढी त्याची मागणी. माळ भरून काढण्याआधी तो कोणाचे घर आहे, हे पाहायला हवे.

सहल कशी काढावी?

पहिली सूचना सुरक्षिततेची. पठारावर माती पातळ असल्यामुळे पावसाचे पाणी मुरण्याआधीच धावते. दरीत ऊन पडलेले असतानाही वर झालेल्या पावसाने पाणी अचानक वाढू शकते. शेवाळ धरलेला काळा पाषाण साबणासारखा निसरडा असतो. म्हणून पात्रात आणि धबधब्याच्या डोहात उतरू देऊ नये, कड्याच्या धारेपासून दूर ठेवावे आणि पाणी गढूळ होऊ लागले की तत्काळ वर निघावे.

दुसरी सूचना, सहल एकदा न काढता त्याच जागी दोनदा काढावी. एक भाद्रपदात, दुसरी वैशाखात. निदान काही निवडक विद्यार्थ्यांनी तरी दुसऱ्या फेरीस यावे. पहिल्या फेरीत माळावर दोरीने एक मीटर बाजूचे दहा चौरस आखावेत आणि प्रत्येकात कोणत्या प्रकारची किती रोपे आहेत ते मोजावे. नाव ठाऊक नसेल तर चित्र काढावे, पान-फूल यांचे वर्णन लिहावे, छायाचित्र घ्यावे. उपटू नये आणि तोडू नये. चौरसाची जागा एखादा मोठा दगड, झाड यांच्या खुणेने वहीत नोंदवावी. दुसऱ्या फेरीत तेच चौरस पुन्हा मोजावेत. बहुतेक रकाने रिकामे येतील. त्या रिकाम्या रकान्यांत काय दडले आहे हे त्या मुलांना माहीत असेल, आणि या साऱ्या खटाटोपाचा हेतू तोच आहे.

तिसरी नोंद जवळच्या गावातील शाळांनी ठेवावी. शेवटच्या मोठ्या पावसानंतर धबधबा किती दिवस वाहतो आणि कपारीतला झरा कोणत्या तारखेस आटतो, एवढेच लिहायचे. दरवर्षी एक ओळ. दहा वर्षांत दहा ओळी होतील आणि पठाराच्या प्रकृतीचा आलेख हाती येईल.

या नोंदी शाळेच्या कपाटात पडून राहू नयेत. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असणे अपेक्षित आहे. दुर्मिळ फुलाची नेमकी जागा सर्वत्र जाहीर करू नये, कारण कंद उकरून नेणारेही ती वाचतात. पण कोणत्या उतारावर कंदांची वस्ती आहे, कोणता झरा कोणत्या महिन्यात आटतो, एवढे या समितीला आणि वनविभागाला कळवावे. पुढच्या उन्हाळ्यात त्या उतारावर चर आखायला माणसे येतील, तेव्हा वहीतले पान दाखवायला शाळेतील कोणीतरी तेथे हजर असावे.